कान्हेरीचे टाके आणि शकांची लेक

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांवर गेलेल्या प्रत्येकाने तिथली खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहिलेली असतात. शाळेच्या सहलीत अशाच एका टाक्याजवळ बसून आम्ही डबे उघडले होते. त्याच डोंगरातल्या एका टाक्यावर सातवाहन घराण्याच्या सोयरिकीची हकिकत कोरलेली आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर वाचनातून कळले.

लेख तुटका आहे. उरलेल्या अक्षरांवरून एवढे कळते की, वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णी याची राणी कार्दमक या शक (मध्य आशियातून येऊन पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या) राजवंशात जन्मलेली आणि एका महाक्षत्रपाची, म्हणजे शकांच्या थोर राजाची, मुलगी होती, आणि शतेरक नावाच्या अमात्याने हे ‘पानीयभाजन’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. महाक्षत्रपाच्या नावातले ‘रु’ एवढेच अक्षर शिल्लक असले, तरी तो रुद्रदामन असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे शकांची लेक सातवाहनांच्या घरी सून म्हणून नांदत होती.

यात नवल काय, ते नाशिकच्या लेण्यांत गेल्यावर उमगते. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी तिथे कोरून घेतली आहे. त्याने शक, यवन (ग्रीक) आणि पल्हव (पार्थियन) यांचा निःपात केला, क्षहरात वंश निर्मूळ केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला, असे ती माता अभिमानाने सांगते. क्षहरात आणि कार्दमक ही घराणी वेगळी असली तरी दोन्ही शकांचीच, आणि अशा शकांशी या कुळाची सोयरीक पुढे लवकरच जुळली.

या वैराचे कारण शोधायला मुंबईकराला लांब जावे लागत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरे आली आहेत. थोरल्या सरगानसच्या काळात कल्याण ही रीतसर पेठ होती. पण सँडरीझ नावाच्या राजाच्या हाती ती गेल्यापासून व्यापारात अडथळे आले आणि तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात गुजरातेतल्या भडोचला नेली जाऊ लागली, असे त्या लेखकाने नोंदवले आहे. सरगानस म्हणजे सातवाहनांपैकीच कोणी सातकर्णी, असे साधारणपणे समजले जाते. भडोच तेव्हा क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाकडे (शक राजाकडे) होते. पैठण आणि तेर इथला माल खरे तर घाट उतरून कल्याण-सोपाऱ्याला यायचा. तो गाड्यांवर लादून पार भडोचला पाठवावा लागत होता. दख्खनच्या राजाला त्याच्या दारातल्या बंदरांचा उपयोग होऊ न देणे, ही शत्रूची मोठी चाल होती. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहिला, की माल वाट बदलतो तेव्हा राजाचे काय जाते, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी मला फार आवडते. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, सोन्या-चांदीची नाणी, आणि खास राजासाठी चांदीची किमती भांडी, गाणारी मुले आणि सुंदर मुली. (शेवटच्या दोन बाबी भांड्यांच्या रांगेत सहज मांडलेल्या वाचून मात्र बरे वाटत नाही.)

गौतमीपुत्राने नहपानाला हरवले, याचा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे सापडला. तिथल्या घबाडात नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. त्याने ती वितळवली नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. नहपानाचा मुखवटा आणि त्याभोवतीची ग्रीक अक्षरे खाली तशीच राहिली आणि वर तीन कमानींचा डोंगर व उज्जैन चिन्ह उमटले. एरवी शिसे, तांबे आणि पोटिन हा मिश्रधातू वापरणाऱ्या सातवाहनांनी पुढे स्वतःची चांदीची नाणी पाडली, तीही क्षत्रपांच्याच धर्तीवर, राजाचा चेहरा कोरून. फक्त लेख एका बाजूला प्राकृतात आणि दुसऱ्या बाजूला द्राविड वळणाच्या भाषेत ठेवला. यज्ञश्री सातकर्णीचे असे एक नाणे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले.

शकही इकडे येऊन पूर्वीसारखे उरले नव्हते. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकला लेणे खोदवले, सोपाऱ्यासारख्या गावांत धर्मशाळा आणि विहिरी बांधल्या, डहाणूसह अनेक नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून दिले. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर पाऊण व्याज ठरले. परक्या राजाच्या जावयाने स्थानिक कारागिरांवर ठेवलेला हा विश्वास मला त्याच्या सगळ्या दानांपेक्षा मोठा वाटतो. विजयानंतर गौतमीपुत्राने याच उषवदाताकडचे २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत नाशिकच्या भिक्षूंना दिले. मालक बदलला, पण दानाची वहिवाट तीच राहिली.

इसवी सन १५० च्या जुनागडच्या लेखात रुद्रदामन म्हणतो, की दक्षिणापथपती (दख्खनचा राजा) सातकर्णीला आपण दोनदा हरवले, पण नाते दूरचे नसल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. कान्हेरीचा लेख त्याच नात्याची दुसरी बाजू असावा. जुनागडचा हा लेख शुद्ध संस्कृतात आहे, आणि कान्हेरीचा टाक्यावरचा लेखही संस्कृतात आहे, जेव्हा सातवाहनांचे बाकीचे लेख प्राकृतातच असत. सुनेबरोबर माहेरची भाषाही सासरी आली, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. त्या सुनेचे स्वतःचे नाव मात्र दगडाच्या तुटलेल्या भागाबरोबर गेले. अमात्य शतेरकाचे तेवढे वाचता येते.