शेरशाहचा दोर आणि गव्हाची सरासरी

18 मण, 12 मण आणि 8 मण 35 शेर. उत्तम, मध्यम आणि हलक्या जमिनीत बिघ्याला पिकणाऱ्या गव्हाचे हे आकडे (40 शेरांचा एक मण) बादशहा शेरशाह सूरीच्या आकारणीचे म्हणून ‘ऐन-ए-अकबरी’ या अकबराच्या कारभाराच्या ग्रंथात नोंदले गेले आहेत. पुढचा हिशेब कोणत्याही कारकुनाला जमेल असा आहे. तिन्हींची बेरीज 38 मण 35 शेर. तिला तीनने भागलं की बिघ्याची सरासरी येते, साधारण 12 मण 38 शेर. तिचा तिसरा हिस्सा सरकारचा, म्हणजे 4 मण 12 शेर आणि वर पाऊण शेर. पीकवार अशा दरांच्या यादीला ‘रय’ म्हणत. शेरशाहच्या सुधारणांचं मोल करायचं तर मी या यादीपासून सुरुवात करेन. रुपया आणि रस्ता नंतर.

यादीची पहिली बाजू खरोखर मोठी आहे. त्याआधी कुळाला आपलं देणं किती, हे बहुतेक वेळा गावचा प्रमुख, म्हणजे मुकादम, सांगेल तेव्हाच कळे. शेरशाहचं मूळ नाव फरीद, आणि तरुणपणी तो बापाच्या जहागिरीतले सासाराम आणि खवासपूर हे दोन परगणे सांभाळत होता. मुकादम वरून सरकारला आणि खालून रयतेला कसा लुबाडतो, हे त्याने तिथेच पाहिलं. त्यावरचा त्याचा उपाय कागदाचा होता. कुळाच्या हाती पट्टा द्यायचा, त्यात देणं लिहायचं आणि त्याच्याकडून कबुलायत लिहून घ्यायची. मोजणी करणाऱ्याचा मेहनताना (जरीबाना) आणि वसूल करणाऱ्याचा मेहनतानाही (मुहस्सिलाना) ठरवून टाकायचा, म्हणजे कोणी मनाला येईल तेवढं उकळणार नाही. आकारताना सवलत द्या, वसुलीत मात्र देऊ नका, असा त्याचा दंडक होता. परगण्यात बंदोबस्ताला शिकदार, मोजणी-आकारणीला अमीन, खजिन्यावर फोतदार, आणि फारसी आणि हिंदवी अशा दोन्ही लिप्यांत हिशेब लिहिणारे दोन कारकून. आपल्याकडे पोतदार आडनावात आणि कारकून या शब्दात हीच दफ्तरी परंपरा बोलते आहे.

आता दुसरी बाजू. तीच सरासरी प्रत्येक जमिनीला लावून पाहा. 4 मण 12 शेर म्हणजे सुमारे 173 शेर. उत्तम जमिनीत 18 मण, म्हणजे 720 शेर पिकतात. तिथला वाटा 24 टक्के. मध्यम जमिनीत 36 टक्के. आणि ज्या बिघ्यात 355 शेरच पिकतात, तिथे जवळजवळ 49 टक्के. कागदावर ‘एक तृतीयांश’, पण हलक्या जमिनीच्या कुळाकडून निम्मं पीक जातं. वर जरीबाना आणि मुहस्सिलाना वेगळेच. यात कोणाची लबाडी नाही, अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी हेच होणार. दोष सरासरीतच आहे. जहागीर सांभाळताना फरीदने रयतेला निवड दिली होती: ज्याला मोजणी हवी त्याला मोजणी, ज्याला बटाई, म्हणजे प्रत्यक्ष पिकाची वाटणी, हवी त्याला बटाई. बादशहा झाल्यावर मोजणी हाच नेम झाला. मुलतानला मात्र त्याने जुनी वहिवाट राखायला सांगितली आणि चौथाईवर समाधान मानलं. म्हणजे एकच माप सगळीकडे चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मोजायचं साधन म्हणजे तागाच्या दोराची जरीब. दोर दवात भिजला की आखडतो. सकाळी ओल्या दोराने मोजलं तर तेच शेत जास्त बिघ्यांचं भरतं आणि कूळ बुडतं. दुपारनंतर दोर वाळून लांबला की बिघे कमी भरतात आणि सरकार बुडतं. मोजणीदाराला खाबूगिरी करायची तर दोर कधी भिजवायचा एवढं कळलं तरी पुरे. हे दुरुस्त झालं ते अकबराच्या काळात, लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या जरीबेने. शिवाजी महाराजांच्या मुलखात अण्णाजी दत्तोंनी केलेली मोजणी तर काठीचीच होती: पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा बिघा, 120 बिघ्यांचा चावर.

नाण्याबद्दल थोडक्यात. सुमारे साडेअकरा ग्रॅम शुद्ध चांदीचा रुपया त्याने रूढ केला, आणि तो मोगलांनी आणि पुढे कंपनीने जवळपास त्याच वजनाने चालवला. त्याच्या वारशातला हा भाग वादाचा नाहीच.

रस्त्यांचं तसं नाही. दर दोन कोसांवर एक अशा 1700 सराया बांधल्या, असं शेरशाहचा चरित्रकार अब्बास सरवानी लिहितो, पण त्याने ते लिहिलं अकबराच्या काळात. दोन कोसांना एक म्हटलं तर 1700 सरायांना 3400 कोस लागतात, म्हणजे दहा हजार किलोमीटरच्या वर. सोनारगाव ते सिंधू, आग्रा ते बुऱ्हाणपूर, आग्र्याहून जोधपूर आणि चितोड, लाहोर ते मुलतान हे चार मोठे रस्ते आजच्या अंतरांनी जोडले तरी त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतात. तेव्हा 1700 हा आकडा मी जमेला धरत नाही. सरायांची व्यवस्था मात्र धरतो: विहीर, हिंदू आणि मुसलमान वाटसरूंना वेगळी सोय, आणि बातमी पुढे नेणारे दोन घोडे.

हे घोडे कशासाठी, हे विसरून चालत नाही. चौसा 1539, कनौज 1540, माळवा 1542, रायसेन 1543, कालिंजर 1545, आणि तिथेच दारूगोळ्याच्या स्फोटात मृत्यू. पाच वर्षांच्या बादशाहीत मोहिमा जवळपास अखंड चालल्या, आणि त्यांचा पैसा त्याच 173 शेरांतून उभा राहिला. रायसेनला तिथला राजा पूरणमल याला सुखरूप बाहेर पडू देण्याचं वचन दिलं आणि बाहेर पडल्यावर त्याच्यावर हल्ला केला. रयतेला लेखी पट्टा देणारा माणूस हाच होता. या दोन गोष्टींची वजाबाकी करता येते असं मला वाटत नाही, त्या दोन वेगळ्या खात्यांवरच लिहायला हव्यात.

सरासरीचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. अकबराने सुरुवातीला शेरशाहचीच रय घेतली आणि धान्याचे पैसे करताना सगळ्या मुलखाला एकच भाव लावला. भाव ठिकठिकाणी वेगळे असल्याने ते निभलं नाही. 1580 मध्ये दहा वर्षांच्या पिकांवरून आणि स्थानिक भावांवरून दहसाला दर ठरले. दख्खनमध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत, 1650 च्या दशकात, त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखानाने तर जमीन कशी भिजते यावरच वाटा ठरवला: पावसावरच्या पिकाचा निम्मा, विहिरीवरच्या पिकाचा तिसरा, आणि ऊस, द्राक्षं अशा पिकांचा चौथ्यापासून नवव्या हिश्शापर्यंत. पाणी काढायला कुळाचा खर्च जास्त, म्हणून तिथे सरकारचा वाटा कमी.