दम खाताना वाचलेली पाने

डब्लिनला येऊन मला सहा वर्षे झाली आणि त्यांतली चार वर्षे मी रविवारच्या सकाळी एका धावणाऱ्या गटाबरोबर काढली आहेत. हा गट वेगासाठी मुळीच ओळखला जात नाही. सहा-सात किलोमीटरच्या फेरीत तो तीनदा थांबतो आणि प्रत्येक थांब्यावर, त्या जागेविषयी कुणी लिहिलेले अर्धे-पाऊण पान आमच्यापैकी एक जण मोठ्याने वाचतो. वाचून झाले की पुन्हा धावायला लागायचे. चर्चा करायची झालीच तर ती धावता धावता. फोनवर हे प्रथम सांगितले तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे धड पळणंही नाही आणि धड वाचणंही नाही." पहिले दोन महिने माझेही मत तेच होते.

या उद्योगाला डब्लिनसारखे सोयीचे शहर नाही. युनेस्कोने 2010 मध्ये त्याला साहित्याचे शहर म्हणून मान दिला, पण ते फलकावरचे झाले. धावणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पायाखाली आहे. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही 1922 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी 16 जून 1904 या एकाच दिवसात घडते. तिचा नायक त्या दुपारी जेवणाची जागा शोधत ज्या रस्त्यांनी फिरतो, त्या रस्त्यांच्या पदपथांत 1988 मध्ये ब्राँझच्या 14 पट्ट्या बसवल्या गेल्या. आम्ही त्या मार्गाने न्याहारीपूर्वी धावतो. एका खानावळीत लोक ज्या पद्धतीने जेवत आहेत ते पाहून नायकाला शिसारी येते, तो बाहेर पडतो आणि दुसरीकडे जाऊन चीजचे सँडविच खातो, हा भाग घरी खुर्चीत वाचताना मला कमालीचा कंटाळवाणा वाटला होता. उपाशीपोटी, चार किलोमीटर धावून आल्यावर तोच भाग ऐकताना तोंडाला पाणी सुटले, आणि नायक इतकी पाने नुसता हुंगत, पाहत का हिंडतो हे कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

दुसरा ठरलेला थांबा म्हणजे कालव्याकाठचा बाक. पॅट्रिक कॅव्हना या कवीने आपल्या एका कवितेत असे मागितले होते की, आपले स्मारक करायचेच तर भव्य समाधी नको, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी पाण्याकाठी एक बाक असावा. आज तिथे त्याचा ब्राँझचा पुतळाच बाकावर बसलेला आहे आणि शेजारची जागा मोकळी आहे. आमच्यातल्या कुणाची ना कुणाची बुटाची नाडी नेमकी तिथेच सुटते.

गटातले सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त ग्रंथपाल त्या दिवसाचे पान झिपच्या पिशवीत घालून कंबरेच्या पट्ट्यात खोचून आणतात, कारण इथला पाऊस विचारून येत नाही. (त्यांना सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते चार वर्षांत जमलेले नाही. मी नाव टाळून वाक्ये फिरवते.) त्यांचा नियम एकच : ज्याचा श्वास आधी ताळ्यावर येईल त्याने वाचायचे. एकदा हट्टाने मी धाप लागलेली असतानाच वाचायला घेतले, तेव्हा प्रत्येक ओळ भलत्याच शब्दावर तुटली आणि कवितेचा पार चुराडा झाला. मात्र त्या फजितीतूनच ओळीची लांबी ही आधी श्वासाची गोष्ट असते हे मला कळले. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या माझ्या आजीला ते उपजतच ठाऊक असावे. जात्याचा फेरा आणि ओवीचा चरण यांचा मेळ तिला कधी मोजावा लागला नाही.

गेल्या डिसेंबरात सुटीवर नाशिकला आले तेव्हा मावसभावाच्या धावण्याच्या गटाला मी ही कल्पना सांगितली. तिथल्या एका काकांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "अहो, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकला जातात, त्या काय करतात मग?" मला उत्तर सुचले नाही. तरीही पुढच्या रविवारी पहाटे गोल्फ क्लब मैदानावर आम्ही अकरा जण जमलो, आणि त्यांत काका सर्वांत आधी हजर होते.

पहिला थांबा टिळकवाडीत, कुसुमाग्रजांच्या घराजवळ. साडेसहाच्या अंधारात कविता मोठ्याने वाचल्यावर समोरच्या गॅलरीतून "कोण हवंय?" असा प्रश्न आला आणि उरलेली कविता आम्ही कुजबुजत संपवली. तिथून ‘सावाना’वरून, म्हणजे 1840 पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयावरून, न थांबता पुढे गेलो, कारण ते अजून उघडले नव्हते.

रामकुंडावर ‘कणा’ वाचायची असे मी ठरवले होते. पुराने घर धुऊन नेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो आणि पैसे नको म्हणतो, ही कविता शाळेत पाठ केली नाही असा नाशिककर विरळा. कवितेतली पाहुणी आलेली गंगा म्हणजे आपली गोदावरीच, हेही मला माहीत होते. पण ते माहीत असणे किती कोरडे होते ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीसमोर उभे राहिल्यावर उमगले. दर पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागले की गळ्याला, यावरून गाव पूर मोजते. डिसेंबरात तो पायापर्यंत कोरडा होता. त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागत होते, आणि पाणी त्या गळ्यापर्यंत चढले की काठच्या घराच्या चार भिंतींचे काय होत असेल हे मनात आपोआप मांडले जात होते. काकांचे घर सराफ बाजारात. वाचन संपल्यावर ते एका भिंतीशी गेले, हात डोक्याच्याही वर नेला आणि म्हणाले, "2008 ला इथवर." त्यानंतर बराच वेळ कुणी पळायला सुरुवात केली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही पांडवलेणी चढलो. इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवरून हा डोंगर रोज दिसतो आणि व्यायाम म्हणून मी तो शेकडो वेळा चढले असेन, पण भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे मी कायम नक्षी समजून ओलांडली. या वेळी दहाव्या लेण्यातल्या एका लेखाचे भाषांतर बरोबर नेले होते. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षूंना दिले आणि त्यांच्यासाठी 3000 कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) कायम ठेव गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली : 2000 दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. गोवर्धन गाव आजही गंगापूर रोडने पुढे गेले की लागते. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि 2000 च्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. गटातल्या सीए असलेल्या एका ताईंनी घाम पुसत हिशेब केला : महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. "टॅली झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मार्चअखेरचा आनंद होता.

हे साहित्य नव्हे, दस्तऐवज आहे, अशी शंका उतरताना एकाने काढली. त्यावर पायथ्याच्या टपरीवर चहा संपेपर्यंत वाद चालला आणि मिटला नाही. मला विचाराल तर, जे वाचून आपल्या गावाच्या नावाकडे माणूस पुन्हा एकदा वळून पाहतो, ते मी खुशाल साहित्यात धरीन.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी पान आणण्याची पाळी मी मागून घेतली. कालव्याकाठी पाऊस भुरभुरत होता. पिशवीतून कागद काढून मी उषवदाताची ठेव, विणकर आणि वीस भिक्षू माझ्या इंग्रजीत वाचून दाखवले. ग्रंथपालांनी ओला चष्मा काढला, पुसला आणि विचारले, "शेकडा एक म्हणालात, ते दरमहा की दरसाल?" दरमहा म्हटल्यावर त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले, मान डोलावली आणि बाकावरच्या कवीला वळसा घालून ते आमच्या पुढे धावत सुटले.