मी भित्री

आज सकाळी न्हाणीघराच्या दाराशी लेक थांबली, ओल्या फरशीकडे पाहिले आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "मी भित्री." त्यात तक्रार नव्हती आणि लाडही नव्हता, कोणी विचारल्यावर नाव सांगावे, तसे तिने ते सांगितले. गेले काही आठवडे ती स्वतःविषयीची माहिती जमवते आहे. मी मोठी, मी शहाणी, माझे केस कुरळे. त्या माहितीत आता या शब्दाची भर पडली आहे आणि तो तिला कोणी दिला, हे मला पक्के ठाऊक आहे.

शनिवारी आम्ही दोघी त्या प्ले सेंटरमध्ये गेलो होतो. बंद हॉल, त्यात हवेने फुगवलेला मोठा किल्ला, आत घसरगुंडी, बाजूला जाळी, आणि या सगळ्याच्या मागे ब्लोअरची न थांबणारी घरघर. बूट काढून मोजे घालण्यापर्यंत ती आनंदात होती. आत मात्र ती चार पावले चालली, भिंतीला टेकली आणि तिथेच थांबली. आजूबाजूची मुले उसळत होती, एकमेकांवर पडत होती, पुन्हा उठत होती. मी जाळीबाहेरून सांगत राहिले, "मार ना उडी, एकच उडी मार, मी बघतेय ना." किती वेळा म्हटले ते आठवत नाही, पण शेवटी शेवटी माझा आवाज बदलला होता, एवढे आठवते.

शेजारी बसलेल्या एका आईने सहज विचारले, "पहिल्यांदाच आली आहे का?" आणि मी उत्तर दिले, "हो, जरा भित्रीच आहे." लेक जाळीच्या आत, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

मी असे का बोलले, हा प्रश्न दोन दिवस सुटत नाही. त्या बाईंनी तसे काही सुचवलेही नव्हते. त्या काही म्हणतील त्याआधी आपणच म्हणून मोकळे व्हावे, असे मला वाटले असावे. आठवडाभराचे जागरण होते, तिचा बाबा परत यायला अजून अठरा दिवस आहेत, आईशी फोनवर जे बोलणे झाले ते इथे लिहिण्याची इच्छा नाही. आणि एवढे सगळे उरकून, तिला सजवून, इतक्या लांब नेल्यावर तिने भिंतीला टेकून उभे राहावे, याचे मला वाईट वाटले. तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी. माझ्या कष्टांचे चीज झाले नाही म्हणून मी तिला नाव ठेवले, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

काल रात्री मी तिची बाजू मांडण्यासाठी वाचत बसले. दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारणे मुलांना साधारण अडीच वर्षांच्या सुमारास जमते. तिला अजून दोन महिने आहेत. आणि जड मूल जवळ येऊन आदळले की त्याच हिसक्याने हलके मूल वर फेकले जाते. लहान वयात हाड मोडण्याचे ते एक कारण आहे, म्हणून वेगवेगळ्या वयांची मुले एका वेळी आत सोडू नयेत, असे सांगतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१० साली तिथे अशा फुगवलेल्या खेळण्यांवर जखमी होऊन रोज ३० हून अधिक मुले रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येत होती, असा अंदाज दिला आहे. म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांच्या गर्दीत भिंतीला टेकून राहणे हा तिथला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. हे वाचून क्षणभर बरे वाटले आणि लगेच अधिक वाईट वाटले. ही आकडेवारी मला ठाऊक नव्हती तेव्हाही ती माझीच मुलगी होती.

शिवाय ती घाबरलीच होती, असे तरी मी कशावरून ठरवले? आता आठवते ते वेगळेच आहे. भिंतीच्या शिवणीतून हवा बाहेर येत होती. अशा किल्ल्याच्या टाक्यांमधून हवा सतत निसटतच असते, म्हणून ब्लोअर बंद ठेवून चालत नाही. तिने शिवणीवर तळहात ठेवला, मग गाल ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, वारा." मी त्यावर "हो हो, आता उडी मार" असे म्हटले. वेळ संपल्यावर सगळ्यांना बाहेर काढून ब्लोअर बंद केला, तेव्हा बुरूज हळूहळू कलले आणि भिंती एकमेकींवर निजल्या. इतर मुले बुटांच्या मागे धावली. ती शेवटपर्यंत जाळीला धरून पाहत राहिली.

आज झोपताना तिने पुन्हा तेच सांगितले, "मी भित्री." मी दिवसभर जुळवून ठेवलेले उत्तर दिले, "नाही गं, तू आधी नीट बघतेस आणि मग जातेस." तिने थोडा विचार केला, मान हलवली आणि ठामपणे म्हणाली, "नाही. भित्री." शब्द तिला आवडला आहे. तो आता तिचा झाला आहे आणि मी मागितला म्हणून ती तो परत देणार नाही, हे मला हसू येऊन पटले. मग तिने हत्तीला जवळ ओढले, त्यालाही तोच शब्द ऐकवला, त्याच्या अंगावर पांघरूण घातले आणि त्याच्या कानात हळूच फुंकर मारून म्हणाली, "वारा."

सकाळच्या पहिल्या तासाला तिथे फक्त तीन वर्षांखालच्या मुलांना सोडतात, असे दारावर लिहिले होते. परवा त्या वेळी जाऊ. ती शिवणीपाशी उभी राहिली तर मीही मोजे घालून आत जाईन आणि हात लावून पाहीन.