लाल की पांढरा? तुम्ही विचारलंत म्हणून

रोमन पायदळातल्या सैनिकाचा अंगरखा लाल होता की पांढरा? स्नेहसंमेलनासाठी कपडे शिवून घेणाऱ्या बाई विचारतात, चित्रं काढणारी मुलं विचारतात. "दोन्ही असावेत" म्हटलं की गप्प होतात. त्या गप्प होण्याचा मला आता खरंच त्रास होतो. इतकी वर्षं अभ्यास करून एवढंही सांगता येत नाही का, असं त्यात असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी कबूल करतो. बरीच वर्षं मी छातीठोकपणे "लाल" सांगत होतो. कारणही तयार असे: जखम झाली तरी रक्त दिसू नये. हे काही माझ्या मनचं नव्हतं. स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिदोर याने सातव्या शतकात लाल वस्त्राबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलंय. भाषणात हे वाक्य आलं की लोक माना डोलवत. रोमन सम्राट ट्राजनचे सैनिक आणि इसिदोर यांच्यात पाचशे वर्षांचं अंतर आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी ते सांगत नव्हतो.

मग धाकट्या भावाला अपघात झाला. रात्री दवाखान्यात त्याचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. पहाटे घरी येऊन पिशवी मोरीत उपडी केली. त्याचा लाल टी-शर्ट. डोक्यातून वाहिलेलं रक्त खांद्यापासून पोटापर्यंत वाळलं होतं, आणि ते लाल नव्हतं. काळं होतं, कडेला तपकिरी. कापड पापडासारखं कडक झालेलं. "गरम पाणी घेऊ नकोस, डाग बसेल," आई म्हणाली. गार पाण्यात चोळत बसलो. तीन बादल्या पाणी गेलं, तरी डाग दारातून ओळखू येत होता. भाऊ वाचतोय की नाही हे माहीत नव्हतं, आणि अशा वेळी मला माझंच भाषण आठवलं. फार लाज वाटली. ज्यांच्याबद्दल इतकी वर्षं बोलत होतो त्यांच्या अंगातून खरंच रक्त जायचं, हे जणू मी धरलंच नव्हतं. भाऊ वाचला. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

तुम्ही म्हणाल, ओलं रक्त तर लालावर लपतं. लपतं. हा वाद मी अजूनही स्वतःशी घालतो. शिवाय लालच्या बाजूने रोमन कवी मार्शल आहे: तांबडा रंग पोरांना आणि शिपायांना आवडतो, असं तो म्हणतो.

पण इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया गावच्या विणकरांना इ.स. १३८ मध्ये दिलेली मागणी वाचा. कप्पाडोकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश) रोमन सैन्यासाठी अंगरखा हवा: पांढरा, साडेतीन हात लांब, तीन हात चार बोटं रुंद, लोकर मऊ आणि स्वच्छ. हात आणि बोटं! आपल्याकडे लुगडं मोजायचे तसंच. इतकं काटेकोर मोजून देणारा माणूस "पांढरा" हा शब्द उगाच लिहीत नाही.

आणि आजच्या इस्रायलमधल्या मसादाच्या किल्ल्यात सापडलेली गायस मेसियस या रोमन सैनिकाची पगाराची चिठ्ठी. हप्ता ५० देनारी, म्हणजे रोमन चांदीची नाणी. त्यातून जवाचे १६, जेवणाचे २०, बुटांचे ५, चामडी पट्ट्यांचे २, लिननच्या अंगरख्याचे ७ कापलेले. बेरीज करून बघा, हातात काय उरलं. कपडा त्याच्याच पगारातून जात होता, मग वर रंगाचा खर्च तो कशाला करेल, असं मी म्हणायचो. पण मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा लाल रंग काही महाग नव्हता. म्हणजे तोही मुद्दा लटकाच.

तेव्हा बाई, मुलांना लाल शिवा, माझी हरकत नाही. फक्त निवेदनातलं "रक्त दिसू नये म्हणून" एवढं काढून टाका.