अपिलाची मुदत नकलेच्या शिक्क्यावरून मोजा

3,966 दिवस. कर्नाटक गृहनिर्माण मंडळाचं दुसरं अपील इतक्या उशिरा आलं, तरी कर्नाटक उच्च न्यायालयाने उशीर माफ केला. 12 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. बरंच झालं. खालच्या कोर्टात जिंकलेल्या माणसाने जवळपास अकरा वर्षं कशाच्या भरवशावर थांबायचं?

सामान्य पक्षकाराचं अपील मात्र दहा-बारा दिवसांनीच हुकतं, आणि बहुतेकदा नकलेच्या, म्हणजे कोर्टाकडून मिळणाऱ्या प्रमाणित प्रतीच्या, हिशोबात.

दिवाणी हुकूमनाम्यावर (निकालानुसार कोर्ट काढतं त्या औपचारिक आदेशावर) अपिलाला जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. निकालाचा दिवस धरायचा नाही. नकलेला लागलेले दिवस वगळायचे, पण अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच. नकलेवरच्या शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्जाची, तयार झाल्याची, हातात दिल्याची. तिसरी विसरा.

समजा निकाल 10 जून 2025 चा. 30 दिवस 10 जुलैला भरतात. नकलेचा अर्ज 20 जूनला, नक्कल तयार 1 जुलैला. म्हणजे दोन्ही दिवस धरून 12 दिवस वगळले, मुदत 22 जुलैपर्यंत. नक्कल 9 जुलैला उचलली, तर मधले आठ दिवस वगळले जात नाहीत, तुमच्याच मुदतीतून जातात. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतं.

दुसरा सापळा म्हणजे ‘हुकूमनामा तयार झाला की अर्ज करू’. नकलेच्या अर्जाआधी हुकूमनामा तयार व्हायला गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम 12 खाली वगळला जात नाही. निकाल लागला त्याच दिवशी अर्ज टाका.

उशीर झालाच तर अपिलासोबत माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं. खरा फटका स्थगितीला, म्हणजे निकालाची अंमलबजावणी थांबवणाऱ्या आदेशाला, बसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 3-अ प्रमाणे अपील सुनावणीला घ्यायचं असं ठरेपर्यंत स्थगिती मिळत नाही, आणि समोरच्याची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) तोवर पुढे सरकते. ताब्याचा दावा असेल तर बेलिफ दारात येऊ शकतो. (नुसतं अपील दाखल केल्याने अंमलबजावणी थांबते हाही गैरसमजच.) मुदत शिल्लक असताना मात्र निकाल देणाऱ्या कोर्टातच तात्पुरती स्थगिती मागता येते.

माफीच्या अर्जात ‘आजारपणामुळे’ एवढ्यावर भागवू नका. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते लिहा, आणि त्या तारखांचे दवाखान्याचे कागद जोडा.