परतीचा पाऊस, लळिंगचा चढ आणि तीस किलोमीटर

खानदेशात कुणी ‘हवा खराब आहे’ म्हणालं की मला आधी एप्रिल आठवतो. सकाळी सात वाजताच ऊन अंगावर येतं, दुपारी पारा 43-44 वर, आणि लाँग रन उरकायचा तर पहाटे साडेतीनला घर सोडावं लागतं. त्यामुळे परतीच्या पावसाला खराब हवामान म्हणणं माझ्या अगदी जिवावर येतं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिच्यासाठी तीस-बत्तीस किलोमीटरचे सरावाचे रन ऑक्टोबर-नोव्हेंबरातच बसवावे लागतात, आणि तेव्हाच हा पाऊस जाता जाता एकदा झोडपून जातो. शेतात कापूस फुटलेला असतो, तो भिजतो, काळा पडतो. नुकसान शेतकऱ्यांचं असतं. माझे फक्त बूट ओले होतात.

परवाच्या रविवारी तीस होते. आदल्या रात्री आमच्या नेहमीच्या पद्धतीनं तुरीच्या डाळीची खिचडी, वर कच्चं तेल, सोबत पापड. सासूबाई म्हणाल्या, “उद्या आभाळ फाटणारे, झोप गुपचूप.” मी झोपले, पण गजर चारचा लावूनच.

धुळ्यात देवपुरात माझं मेडिकल आहे, त्यामुळे पावसातल्या तयारीचं सामान गल्ल्याशेजारीच असतं. पायाच्या बोटांना आणि टाचेला मायक्रोपोअर टेप. काखेत, मांडीच्या आत आणि ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन, तेही हात आखडता न घेता. ओलं कापड दोन तास घासलं की कातडी सोलवटते आणि घरी गेल्यावर आंघोळीचं पाणी लागलं की माणूस किंचाळतं. सुती टीशर्ट पावसात घालूच नका. तो पाणी पितो आणि अंगावर लोंबतो. साधा पॉलिस्टरचा शंभर-दोनशे रुपयांचा चालतो. मोबाईल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, वर रबर. डोक्याला टोपी हवी, नाहीतर थेंब सरळ डोळ्यांत जातात. रेनकोट नको. आपल्याकडे पावसातही बावीस-तेवीस डिग्री असतात. रेनकोटच्या आत माणूस घामानंच भिजतो.

अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलेलं, पांझरा नदी फुगलेली. त्यामुळे पात्रातल्या ठेंगण्या फरशी पुलाचा रस्ता सोडून मोठ्या पुलावरून गेले. गावातून बाहेर पडेपर्यंत रिमझिम होती. खरं सांगायचं तर पहिले दहा किलोमीटर मजेत गेले. अंग तापत नाही, नाडी नेहमीपेक्षा खाली राहते. मे महिन्यात ज्या वेगाला धाप लागते, त्याच वेगात मी मनातल्या मनात दुकानाच्या उधारीचा हिशेब करत होते. माझा लाँग रनचा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं. हळू आहे, मुद्दामच. स्पर्धेच्या वेगात तीस मारून दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नसेल तर त्या रनचा उपयोग काय?

तहान मात्र फसवते. पावसात तोंड ओलं असतं, म्हणून पाणी प्यावंसं वाटत नाही, घाम तर चालूच असतो आणि तो दिसतही नाही. एका लिटरला एक पुडी याप्रमाणे ओआरएस घरूनच कालवून नेलं होतं आणि दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान असो नसो. पाऊण तासाला अर्धं केळं किंवा दोन खजूर. अंगात साठवलेली साखर साधारण दीड-दोन तासांत खाली येते. त्यानंतर खाल्लं तर पोट आणि पाय दोघंही रुसतात. बाकी एनर्जी जेल वगैरे मीही विकते, पण शेजारी जळगाव असताना केळ्याला नाव ठेवणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही.

लळिंग किल्ल्याजवळचा महामार्गावरचा चढ मला मुद्दाम हवा असतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतताना पेडर रोडचा चढ लागतो, तेव्हा पस्तीसच्या वर किलोमीटर झालेले असतात. इथे महामार्गावर ट्रक अंगावर पाणी उडवत जातात, म्हणून मी समोरून येणारी गाडी दिसेल अशी उजव्या कडेनं पळते. पण डांबरावरून खाली उतरलात की संपलं. काळी माती. चार पावलांत प्रत्येक बुटाला अर्धा किलो चिखल, आणि तो झटकून जात नाही, काडीनं खरवडावा लागतो.

किल्ल्याच्या पायथ्याशी पोचले आणि वीज चमकली. मोजायला लागले. बारापर्यंत गेले आणि गडगडलं. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो, म्हणजे वीज चारेक किलोमीटरवर. वीज आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर रन थांबवायचा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, यात मी कुणाचं ऐकत नाही. झाडाखाली उभं राहायचं नाही. पत्र्याची उघडी शेडही नको. पक्कं घर किंवा बंद गाडी.

समोर स्लॅबचं हॉटेल होतं. मालक शेवभाजीसाठी कांदे चिरत बसले होते. माझ्याकडे बघून सुरी थांबली.

“इतला पानीमा कथा पयी राह्यनी वं बैन?” एवढ्या पावसात कुठे पळतेयस, असं त्यांनी अहिराणीत विचारलं.

“मुंबईले,” मी म्हणाले.

त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. रस्ता खरंच मुंबईचा. “मंग चहा पी ले. आखो तीनशे किलोमीटर शे.”

चहा घेतला. थांबल्यावर मात्र थंडी वाजायला लागते, हे पावसातल्या रनचं खरं दुखणं. पळताना अंग गरम असतं, बसलात की ओले कपडे गारठवतात. मी भट्टीजवळ उभी राहून जागच्या जागी पाय हलवत होते, तर आतल्या पोराला वाटलं मला बाथरूमला जायचंय. त्यानं न विचारताच मागचा दरवाजा दाखवला.

पुन्हा निघाले तेव्हा पोटऱ्या लाकडासारख्या. पहिला किलोमीटर नुसता चालत, मग हळूहळू. टेपमुळे फोड आला नाही, फक्त एका करंगळीचं नख काळं पडलं, ते पडणारच होतं. घरी येऊन आधी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, दर दोन तासांनी बदलले, पंख्याखाली ठेवले. उन्हात वाळवले तर चिकटवलेला तळ सुटतो. गेल्या जोडीचं तेच झालं.

आमच्या ग्रुपवर आता वाद चाललाय की मधे अर्धा तास थांबले म्हणजे हा तीसचा रन धरायचा की नाही. एक डॉक्टर आहेत, ते म्हणतात ब्रेक झाला की दोन वेगळे रन. मी धरणार. पायांनी तीस केले, डायरीत तीसच लिहिणार. ज्यांना पटत नाही त्यांनी येत्या रविवारी पहाटे पावणेपाचला पुलावर यावं, बत्तीस आहेत. पावसाचा अंदाज मी बघून ठेवलाय, पण सांगणार नाही.