फुंकलं, मशीन वाजलं, म्हणजे प्यायलाच?

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू मी घेत नाहीये, हे आधीच सांगतो. असल्या लोकांनी किती घरं उघड्यावर आणलीत ते आपण सांगलीकर बघतोच, त्यांना धरलंच पाहिजे. पण नाकाबंदीला त्या दारू तपासायच्या मशीनमध्ये (ब्रेथ अ‍ॅनालायझर) एकदा फुंकायचं आणि येईल तो आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, हे मला अजिबात पटत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 185 काय म्हणतं, तर 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल नको. आता मशीन रक्त कुठं बघतंय? ते श्वास बघतं आणि हिशोब लावतं, की 2100 मिली श्वासात जेवढं अल्कोहोल तेवढंच 1 मिली रक्तात असणार. हे 2100 सरासरीचं आहे, माणसामाणसात ते कमीजास्त होतं, अंगात ताप असला तरी आकडा वर सरकतो. 140 आला तर वादच नाही, पण 34 आला तर?

आणि सगळ्यात मोठा घोळ तोंडात राहिलेल्या अल्कोहोलचा. माझा मेहुणा द्राक्षाचा टेम्पो चालवतो, दारूला शिवत नाही, माळकरी माणूस. पोटाच्या तक्रारीसाठी वैद्यांनी त्याला जेवणानंतर द्राक्षासव दिलंय. आसव-अरिष्ट आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं. त्या रात्री ढाब्यावर जेवला, टेम्पोत बसून टोपणानं औषध घेतलं आणि निघाला, तर पुढच्याच वळणावर नाकाबंदी. फुंकलं, 46. माळ दाखवतोय, औषधाची बाटली दाखवतोय, हवालदार म्हणतात "सगळे असंच सांगतात". नशीब की तिथले एक वयस्कर साहेब म्हणाले, बसवा जरा याला, पाणी द्या. वीसेक मिनिटांनी नवी नळी लावून परत फुंकायला लावलं, शून्य. ते साहेब नसते तर केस झाली असती, पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ज्याचं पोट लायसनवर आहे त्यानं करायचं काय?

हे एकट्याचं नाही. 2025 मध्ये केरळात पंदळमच्या एसटी डेपोत पिकलेला फणस खाऊन आलेल्या ड्रायव्हरचं मशीन वाजलं होतं. माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, सगळ्याचं तेच होतं. तोंडातलं अल्कोहोल साधारण 15 मिनिटांत उडून जातं, रक्तातलं एवढ्यात जात नाही, म्हणून थांबून दुसऱ्यांदा फुंकायला लावलं की खरं-खोटं तिथंच कळतं. एवढं सोपं असताना घाई कशाला हेच मला कळत नाही.

तुमच्यावर वेळ आली तर हुज्जत घालू नका आणि फुंकायला नकार तर अजिबात देऊ नका, नकार कोर्टात तुमच्याच अंगलट येतो. नीट बोला, साहेब नळी नवीन लावा, आधी मशीन शून्य दाखवतंय का ते बघू द्या, कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर दाखवतंय का याची तपासणी, कधी झालंय? काय खाल्लं-घेतलं ते सांगा आणि 15 मिनिटांनी परत टेस्ट मागा. प्रिंट निघत असेल तर तीही मागा, तारीख-वेळेसकट.

तरीही आकडा मान्य नसेल तर रक्ततपासणी करा म्हणा. कलम 204 मध्ये रक्ताच्या तपासणीची सोय आहेच, आणि अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झालीच पाहिजे असं कलम 202 सांगतं. 1971 मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये म्हटलं होतं की तोंडाला वास, अडखळती चाल एवढ्यावर माणूस नशेत होता असं ठरत नाही, रक्त-लघवी तपासायला हवी होती. मग आज काठावरच्या आकड्याला रक्त तपासायला काय हरकत आहे? पण ते लगेच व्हायला पाहिजे, कारण रक्तातलं अल्कोहोलही तासातासाला उतरत जातं आणि उशीर झाला की खरा पिणारा त्यातून सुटतो.

म्हणून माझी मागणी एवढीच, की प्रत्येक नाकाबंदीला दोन खुर्च्या आणि पाण्याची बाटली ठेवा, पहिला आकडा 30 च्या वर आला की माणसाला 15 मिनिटं बसवा, मग दुसरी टेस्ट, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा.